एका अमिबाच्या सात आकृत्या

सर, आज तुमच्याशी भांडायचं ठरवूनच बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता मध्येच बोलून मला गप्प करणार नाही, एवढा एक फायदा. मी ओतूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं शिक्षणच चालू होतं. काल आमच्याकडे प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या एका विद्यार्थिनीचं जर्नल उघडलं, त्यात एकाच अमिबाच्या सात आकृत्या बघितल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या क्षणी मला तुम्ही आठवलात. माया वगैरे काही दाटून आली नाही, सर. राग आला.

अकरावीचं वर्ष. घोडेगावच्या त्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच, आणि आम्ही सगळे रांगेत. प्रत्येकानं एक डोळा मिटून वाकायचं, "दिसलं" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. कुणाला काही दिसत नसे. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभी राहिले, पाठीमागून ढकलायला कुणी नको म्हणून. पाणी आमच्या विहिरीजवळच्या, गुरांच्या डोणीतलं. मीच बाटलीत भरून आणलेलं. आणि त्या पाण्यात तो दिसतो. पुस्तकातला नव्हे. तो एका अंगानं फुगतो, तिकडे पाय काढतो. लगेच दुसऱ्या अंगानं काढतो. घटकाभर दोन्हीकडे ताणला जातो, मग एक पाय आखडून घेतो आणि सगळाच्या सगळा दुसऱ्यात ओतला जातो. मी काढायला घेते, पेन्सिल टेकवून उचलेपर्यंत त्याचा आकार बदललेला. मग दुसरी काढते, तिसरी काढते. सात झाल्या तेव्हा माझी एसटी केव्हाच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझं जर्नल सगळ्या वर्गाला दाखवलंत. "अगं, परीक्षकाला एक अमिबा बघायचाय. तुझी ही जत्रा कोण बघणार? पुस्तकात हाय तसा काढ. लई शहाणपणा न्हाई करायचा." वर्ग हसला आणि तुम्ही सातही आकृत्यांवर लाल काट मारलीत. सही नसलेलं जर्नल म्हणजे परीक्षेला बसायला बंदी, आणि वडील, आमचे दादा, आधीच सांगून बसले होते की एक विषय राहिला तरी शिक्षण बंद.

मी शहाणपणा करत नव्हते, सर. आता ऐकूनच घ्या. त्या जिवाला डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू तर नाहीच. पण त्याच्या बाहेरच्या पापुद्र्यावर, सगळ्या अंगभर, बारीक बारीक जागा असतात. पाण्यातून खाण्याचा वास आला की तो त्या जागांना चिकटतो. ज्या अंगाला जास्त चिकटेल तिकडे आत धाग्यांची जुळणी सुरू होते, ते धागे पापुद्रा बाहेर रेटतात आणि पाय फुटतो. भलत्या दिशेलाही फुटतो. तो आखडून घ्यायचा आणि पुन्हा चाचपून बघायचं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही बोटात काटा मोडला की जंतूंचा असाच माग काढत निघतात. तुम्ही खोडलंत ते त्याचं ठरवणं होतं. पुस्तकातली आकृती त्या ठरवण्यातला एक क्षण, बस. अख्खा जीव सोडून त्या एका क्षणाला तुम्ही मार्क देत होतात, आणि ते चूक होतं. तुम्ही समोर असतात तरी म्हटलं असतं.

आमच्या कॉलेजातही काही वेगळं नव्हतं. जर्नल करायचं म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलांचं जर्नल खिडकीच्या काचेवर धरायचं आणि गिरवायचं. गिरवता गिरवता दर वर्षी एखादा पाय गळत गेला. मी रुजू झाले तोवर आमचा अमिबा पार बटाट्यावर आला होता. मी ते बंद केलं. दर वर्षी पहिल्याच तासाला मुलांना तुमची गोष्ट सांगते. सरांनी काट मारली, घरी शिक्षण बंद करायला निघाले, तरी मी आकृत्या बदलल्या नाहीत. मुलं टाळ्या वाजवतात.

कालच्या मुलीचे वडील आळेफाट्याला गॅरेजात काम करतात. ती नापास झाली तर स्थळ तयार आहे, हे तिनंच मला सांगितलं होतं. परीक्षक तसे भले माणूस. म्हणाले, "बाळ, यातली एक ठेव, बाकीच्या खोड, मी मार्क देतो." ती उभीच. "न्हाई सर. तो एका जागी थांबतच नव्हता, मग मी एकच कसा काढू?" आणि माझ्याकडे बोट केलं. "आमच्या म्याडमनी पण बदलल्या नव्हत्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "साहेब, तिला सूक्ष्मदर्शकावर बसवा आणि काय हवं ते विचारा. तिला उत्तर आलं नाही तर खुशाल शून्य द्या, पण एकही आकृती खोडली जाणार नाही." माझा आवाज चढला होता. तिनं स्लाइड लावली, बोलत गेली. थोड्या वेळानं परीक्षकांनी तिला बाजूला केलं आणि स्वतः डोळा लावला. त्यांचा चहा गार झाला तरी मान वर केली नाही. मुलगी पास झाली, सर.

आता जे तुमच्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, ते. काट मारलीत त्याच्या दुसऱ्या सकाळी मी एसटी स्टँडच्या बाकावर बसून पुस्तकातला अमिबा काढला. एकच. ठिपके ठिपके देऊन, सुबक. दादांना भ्याले होते. तुम्ही सही केलीत, आणि मग हळूच सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवलीत. "रविवारी येत जा. काय बघायचं ते बघ." ते बक्षीस होतं की तुम्हालाही लागलं होतं, हे मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. याचाही मला राग आहे.

काल निघताना पोरगी पाया पडायला वाकली. "तुमच्यामुळं धीर आला, म्याडम," म्हणाली. मी तिला उठवलं, पाठीवर हात ठेवला. जे तिनं केलं ते मी कधी केलंच नव्हतं, हे खरं तर तिला सांगायचं होतं. तुम्हाला लिहिणं सोपं पडलं.