मिसरच्या राजांचा रंग

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेलं माणूस आता गावात शोधावं लागतं. आज दुपारपासून मात्र तुम्ही सारखे डोळ्यांपुढे येताय. मला भीती वाटायलीय, आणि ती ज्याला सांगावी असं जिवंत कुणी उरलं नाही.

शाळेची ती मागची भिंत. तुम्ही तिच्यावर मिसर देश काढताय. निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेले तुम्ही, इजिप्त कधी म्हणालाच नाहीत. मिसरच्या माणसांना गेरू, आणि दक्षिणेकडच्या नूबियाच्या राजांना तव्याची काजळी. मी मेंढक्याचा पोर, त्या काजळीच्याच रंगाचा. मागून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, ह्यालाच चिटकवा की भितीला!" वर्ग फिदीफिदी हसला. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "चिटकवतो. पण मग रोज मुजरा करावा लागंल तुला. नूबियातनं येऊन मिसरच्या तख्तावर बसलेले राजे हायेत हे." पुढं तपासणीला साहेब आले, आणि म्हणाले, "राजे एवढे काळे? पुसून घ्या ते." मी पहिल्या रांगेत होतो गुरुजी. तुमच्या धोतराचा सोगा थरथरताना मी पाहिला. "साहेब, ते काळेच होते. मिसरवाल्यांनीच त्यांना तसं रंगवून ठेवलंय," एवढंच तुम्ही बोललात. भिंत पुसली नाहीत.

माझी नात आता पालमच्या शाळेत इतिहास शिकवते. सुगी झाली की आमच्याकडं भाट येतो, अंगणात घोंगडीवर बसून भावकीची वंशावळ म्हणतो आणि सूपभर ज्वारी झोळीत घेऊन जातो. कवितेला चाल लावायला तुम्ही शिकवलंत, तेव्हापासून मला त्याच्या म्हणण्याचा अर्थ लागतच नाही, नुसती लय लागते. मी डोळे मिटून डोलत बसतो. परवा मात्र तो म्हणणं थांबवून साध्या बोलीत म्हणाला, तुमचा मूळपुरुष उत्तरेकडचा, गोरापान, सूर्याच्या कुळातला राजा. नात म्हणाली, "भाटबाबा, अख्ख्या अंगणात एक गोरा न्हाई. राजाचा रंग वाटंत सांडला का?" सगळे हसले, भाटसुद्धा हसला. तिथंच थांबली असती तर! पण शिकवायची सवय. "जुन्या मिसरच्या लोकांवरनं बी जगात हेच चाललंय," ती म्हणाली. "कोण म्हणतंय गोरे, कोण म्हणतंय काळे. पंडित अजून भांडायलेत. ज्याला त्याला ते आपलेच पूर्वज पायजेत. आन् ते तर नूबियावाल्यांशी सोयरीक करून कवाच मिसळले होते. आपल्यात बी कोण कोण मिसळलं आसंल, कुणाला ठावं?" भाट उठला. ज्वारीचं सूप तसंच राहिलं. भाट रिकाम्या झोळीनं उठला की त्या घराचं नाव तो पुढं घेत नाही. आणि ज्याचं नाव भाट घेत नाही, त्याच्या घरी सोयरीक कोण करणार?

आज दुपारी चुलतभाऊ आला. बशीत चहा ओतून, फुंकर घालत, अगदी हळू बोलला. त्या हळू बोलण्याचंच भ्या वाटलं मला. "दादा, पोरीला समजवा. उद्या भावकीच्या बैठकीत सगळ्यांम्होरं भाटाचे पाय धरायचे, म्हणायचं मी चुकले. आमचं रगत मिसळीचं म्हणती ती! न्हाईतर मग आमी जिम्मेदार न्हाई. पोरं लय तापलीत." ती पोरं फाटकाशी उभी होती. माझ्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलेली पोरं. एकानं माझ्याकडं बघितलं नाही. एक जण घराचा फोटो काढत होता. आमच्या घराचा फोटो कशाला लागतो हो कुणाला?

आणि नातीचा सकाळीच पालमहून फोन आला होता. "आबा, माझं बोलणं टोचलं आसंल तर त्याची माफी मागते. पण जे बोलले ते खोटं न्हाई. ते खोटं होतं आसं मी म्हणणार न्हाई. उद्या बैठकीत तुमी काही बोलू नका, नुस्तं माझ्याजवळ येऊन बसा." मी हो म्हणालो. का नाही म्हणणार? जवळ बसायलाच तर सांगत होती.

तिची संध्याकाळची बस फाट्यावर यायची वेळ झालीय. रस्त्यानं मोटारसायकल गेली तरी उठून दाराची कडी बघतोय. गुरुजी, तुमचं धोतर थरथरत होतं आणि तरी तुम्ही बोललात, हे दोन्ही एका माणसाला कसं जमतं ते विचारायचं राहून गेलं. चुलतभावाला मी सांगून टाकलंय की पोरगी पाय धरंल. तिला विचारलेलं नाही. हे कागद धाडायला तुमचा पत्ता नाही, ते एक बरं. पत्ता असता, तर चुलतभावाला दिलेल्या शब्दाचं ते एक वाक्य खोडूनच मी ते धाडले असते.