मुद्दाम चुकीची तार

१२ जाने., सोमवार
एपि. ६ चा खर्डा परत. चॅनेलच्या बाईंना खलनायक हवाय. मिशीवाला, जीपवाला. अहो बाई, भिवापूरकडे वाघ मारणारा जीपमधून येत नाही. तो मिरचीच्या वावरात रानडुकरासाठी करंटची तार टाकतो, नि सकाळी जाऊन पाहतो तर वाघीण पडलेली. मग घाबरून पुरतो. एवढीच तर आपली मालिका! मिलिंद म्हणे, "दिग्दर्शक मी आहे, बाईंना मी पाहतो." पाहूच.
आई: "काहून वं, सकाळपासून आठ्या पाडून बसली?"

१४ जाने., बुध.
भिवापूर. गजाननभाऊंकडे पाचवी बैठक. आधी तीळगूळ, मग वही. वाघिणीच्या केसमध्ये तीन वर्षं आत होते, सगळं सांगतात. कोर्ट, तुरुंगातल्या डाळीचा वास, सुटून आल्यावर गावानं फिरवलेलं तोंड. फक्त तारेपाशी गाडी अडते. "टाकली तार, बस. आता काय सांगू ताई." खुंट्या कशाच्या, करंट कुठून, एकदा हे सांगतात, एकदा ते. लाज वाटत असेल. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला किती खोदायचं.
चहा धाकट्या भावानं आणला. श्रावण. शूटिंगची गावातली सगळी सोय तोच बघतो, वावर, बैलबंडी, माणसं. कामाचा पक्का. त्याची पोरगी प्रणाली वनरक्षक भरतीसाठी रोज पहाटे पळते आणि मागे सायकलवर गजाननभाऊ, तिचे मोठेबाबा! भाऊंचं लग्नच नाही झालं. पोरगी जणू यांचीच.

१७ जाने., शनि.
राऊत साहेबांनी स्क्रिप्ट वाचली. जन्म वनखात्यात गेला, आता आमचे सल्लागार. अट एकच: तार पडद्यावर बरोबर दिसता कामा नये. "टीव्हीवर शिकवणी नको." मान्य.
गजाननभाऊंनी सांगितलेली तार दाखवली तर हसतच सुटले. "या तारेनं उंदीरही मरणार नाही. हीच ठेवा." ठेवली.

२१ जाने., बुध.
काय लिहू.
सकाळी वावरात सेट. कलाविभागाच्या पोरांनी ठरल्याप्रमाणे तार चुकीची लावली. वीज अर्थात नाही. उजेड बघायला कॅमेरा चालू होता. श्रावण माणसं घेऊन आला, थबकला. "हे काय लावलं बे? कोणं शिकवलं तुमाले?" त्याला अट कुणी सांगितलीच नव्हती. खाली बसला, सगळं उपटलं, नि पुन्हा लावलं. चार-पाच मिनिटं. तोंडानं पोरांची फिरकी चालूच, हात आपोआप. कसं ते इथंही लिहीत नाही.
साहेबांचा चहा हातातच राहिला. हळूच मला, "बाई, हा हात नवखा नाही."
तेव्हा कुठं श्रावणनं वर पाहिलं. कडुलिंबाखाली गजाननभाऊ बसले होते. ते उठले नि घरी गेले.
मिलिंदच्या डोक्यात काही शिरलं नाही. "वा श्रावणभाऊ, अस्संच ठेवा!" साहेब एवढे ओरडले की बैल बिचकले. तार काढली, परत चुकीची लावली, सीन झाला.
ती क्लिप मागून घेतली. पेन ड्राइव्हमध्ये आहे, माझ्याकडेच.

२२ जाने., गुरु.
पाच बैठका तो माणूस मला न केलेला गुन्हा सांगत होता आणि मी शहाणी वही भरत होते. त्यांना तार सांगता येत नव्हती कारण त्यांनी ती कधी लावलीच नव्हती!
आणि शेवटच्या एपि. ८ मध्ये त्यांचंच पात्र हात जोडून कबुली देतं. नाव बदललंय, पण अख्खा तालुका ओळखणार. म्हणजे आधी कोर्टानं, आता मी.
साहेबांना फोन. म्हणाले, "बोलायचं तर त्या दोघांनी. आपण नाही."

२५ जाने., रवि.
तरी गेलेच. गजाननभाऊ अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होते. म्हटलं, "भाऊ, तार तुम्ही नाही टाकली."
देठ खुडणं चालूच. "मालूम पडलं ना? आता लिवलं तसंच राहू द्या."
"काहून पण?"
"तवा प्रणाली तीन वर्साची होती. तिचा बाप आत गेला असता तं? मी काय, सडाफटिंग. आता पोट्टी जंगलाच्याच नोकरीले लागून राहिली. अन् तुमी आता तिच्या बापाचं नाव काढता?"
"आणि तुमचं नाव?"
"माह्यं नाव गावाले पाठ आहे. त्यात काय बिघडते."
भयंकर राग आला. त्यांचा, श्रावणचा, सगळ्यात जास्त माझा. उमरेड येईपर्यंत एसटीत रडले. शेजारची बाई बिचारी संत्र्याच्या फोडी देत होती.

२९ जाने., गुरु.
एपि. ८ तसाच पडलाय. मिलिंदचे चार फोन, उचलले नाहीत.
दुपारी दारात श्रावण! भिवापूरहून बसनं, पिशवीत मिरची. आईनं पाणी दिलं.
"ताई, शेवटच्या सीनमंदी दादाले नका दाखवू."
"मग कोणाले?"
ग्लास खाली ठेवला. मग, "मले. तार मी टाकली, असा कागद करा. मी सही देतो."
चपला घालताना वळला. "सोमवारी पोट्टीचं भरतीचं ग्राउंड आहे नागपूरले. तवरीक थांबता काय?"
थांबते म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
आई: "काहून आला होता वं तो?"
"मिरची द्यायले."

२ फेब्रु., सोम.
ग्राउंडवर सातला. थंडी, धुकं, कुंपणाबाहेर सगळे आईबाप. दोघं भाऊ शेजारी उभे, पण बोलत नव्हते. गजाननभाऊ मला, "ते पाहा ताई, लाल रिबीनवाली." तीन किलोमीटर. शेवटच्या फेरीला भाऊ कुंपण धरून ओरडत होते आणि श्रावणचे ओठ नुसते हलत होते.
प्रणाली बाहेर आली ती आधी भाऊंच्या पायाशी, मग बापाच्या. "मोठेबाबा, टायमात बसली मी!" खाली बसून बुटाची लेस सोडू लागली.
श्रावण माझ्याकडे आला. "ताई, कागद आणला काय?"
आणला होता. समोर धरला. पेनही दिलं.
गजाननभाऊंनी येऊन त्याचं मनगट धरलं. "घरी चाल गा. पोट्टी उपाशी आहे."
"दादा, सोड."
सोडलं नाही. श्रावणनंही पेन टाकलं नाही. मी मधे कागद धरून उभी.
प्रणालीनं खालूनच वर पाहिलं.
"कायचा कागद आहे, बाबा?"