खिडकी आणि खुर्ची

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

काल आपल्या लॉन्ड्रीत संप झाला. तू कामगार संघटनेचा सचिव, मी मालक, आणि पत्ता दोघांनाही नाही! बाहेरची काजळी हॉटेलच्या पांढऱ्या चादरींवर बसते म्हणून मी इस्त्रीखोलीची खिडकी खिळे ठोकून बंद केली होती. मावशीनं इस्त्री उभी केली, आम्ही काय वाफवायचे बटाटे आहोत का असं विचारलं, आणि चालू पडली. मागोमाग सगळ्या बायका फुटपाथवर. ना घोषणा, ना फलक. एकीनं तर विणकाम काढलं. जिनं आईमागं आपल्याला वाढवलं, जिच्या हाताखाली मी इस्त्री शिकलो, तिच्याशी भांडू कसा? हॉटेलवाला दारात ठाण मांडून बसलाय. काय करू ते कळव.

तुझा दादा

ता. ८ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून घाम फुटला, माझी खिडकी उघडी असूनही. आमचा संप जूनमध्ये ठरलाय, ठराव छापायला गेलाय, आणि माझ्याच मावशीनं मला न विचारता बाहेर पडावं? कार्यकारिणीतले लोक गालातल्या गालात हसताहेत. असा उत्स्फूर्त संप म्हणजे पेटवलेला कागद. भडका मोठा, पण पाणी तापत नाही. आज खिडकी उघडशील, उद्या पुन्हा खिळे ठोकशील. सत्ता हातात घेतल्याशिवाय कामगाराचं काही टिकत नाही. त्यांना आत जायला सांग, जूनमध्ये शिस्तीत बाहेर येऊ देत. तोवर खिडकी मात्र उघडू नकोस, नाहीतर जूनमध्ये मागायचं काय? हे पत्र त्यांना वाचून दाखव.

तुझा धाकटा

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, आणि जरा बसून वाच.

खिडकी मी तुला पत्र टाकलं त्याच संध्याकाळी उघडली. चादरी तुझ्या जूनपर्यंत थांबणाऱ्या नव्हत्या. तरी तुझी आज्ञा म्हणून पत्र वाचून दाखवलं. जूनपाशी बायका खो खो हसल्या. सत्तेपाशी मात्र मावशीनं मला थांबवून तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, पोरगं बरोबर बोलतंय. लगेच माझा हातोडा काढून घेतला. तो आता तिच्या टेबलाशेजारी टांगलाय. आणि संघटनेच्या सचिवपदासाठी तिनं अर्ज भरलाय, तुझ्याविरुद्ध. बाकीच्या लॉन्ड्र्यांतल्या बायकाही तिच्याकडे. तुला पाडलं तरी लिहिण्यासाठी ठेवणार आहे म्हणे, तुझं अक्षर चांगलं आहे.

तुझा भाषणाचा शर्ट तिनं स्वतः इस्त्री करून दिलाय. पडणारा माणूस चुरगळलेला दिसू नये, असा निरोप आहे. माझा लोभ दोन्ही उमेदवारांवर सारखाच.

तुझा दादा

ता. ९ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

पडलो. कॉलरला इतकी खळ होती की मान खाली घालायचीही सोय नव्हती. माझं स्वतःचं मतही मावशीलाच गेलं. ती समोर बसून बघत होती.

तिचा पहिला ठराव मीच सुवाच्य अक्षरात लिहिलाय: प्रत्येक इस्त्रीखोलीला समोरासमोर दोन खिडक्या. जूनपर्यंत थांबायला ती तयार नाही. सोमवारी आम्ही दोघं मागणी घेऊन मालकाकडे, म्हणजे तुझ्याकडे, येतोय. चहा टाकून ठेव, आणि दुसरी खिडकी कुठल्या भिंतीत पाडायची ते आधीच ठरव. हातोडा ती घेऊन येणार आहे.

लोभ सोमवारनंतरही राहू दे.

तुझा धाकटा