कोहक्याचा पिन

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.
कॉलनीच्या गेटवर पोस्टाची नोटीस. एक तारखेपासून सप्तर्षी विहारचा पिन कोड बदलला. आजवर आमचा पिन सेक्टरवाल्यांचा, म्हणजे प्लांटच्या साहेबांच्या वसाहतीचा होता. आता कोहक्याचा, भाड्याच्या खोल्यांच्या वस्तीचा! शेवटचे दोन आकडे २३. नोटीस दोनदा वाचली.

मी स्वतः कोहक्यात अकरा वर्षे एका खोलीत काढली, ट्रेनी असताना. पण ते वेगळे. तेव्हा निघायचे होते म्हणून राहत होतो. आता रेल मिलमध्ये चौतीस वर्षे नोकरी करून, दोन मजली बंगला बांधून, परत तोच पत्ता?

अंजनाला सांगितले. बायको असून तिला काही वाटले नाही. म्हणाली, चिठ्ठी येते ना घरी? मंग झालं. तिचे सगळे लक्ष पासपोर्टकडे. लेक गुंजनचे मस्कतला एप्रिलमध्ये बाळंतपण आहे. पहिलेच. हिने अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा पासपोर्टचा अर्ज केला आहे. तो आला की जावई दोन दिवसांत व्हिसा काढणार. दिवसातून तीनदा गेटकडे बघते.

५ फेब्रुवारी, बुधवार.
जनरल मीटिंग. बत्तीसपैकी एकोणतीस घरे हजर. अध्यक्ष भूपेंद्र चंद्राकर, राइस मिलवाले, फार पेटले होते. म्हणाले, ठवकरजी, आज पिन गया, कल इज्जत जाएगी. टीना मॅडम (ब्यूटी पार्लर, प्लॉट नंबर नऊ) म्हणाल्या की मुलीच्या स्थळांना काय पत्ता सांगायचा? प्रश्न खराच होता.

उपाय मी सुचवला. २३ लिहिलेले एकही टपाल कॉलनीत घ्यायचे नाही. सगळे परत. रोजची वीसपंचवीस पाकिटे उलटी गेली की डिपार्टमेंट पंधरा दिवसांत नाक घासत येईल. टाळ्या. मला सचिव केले. बिनविरोध.

८ फेब्रुवारी, शनिवार.
सुपेल्याच्या बाजारातून शिक्का करून आणला: ‘लेने से इंकार, सचिव, सप्तर्षी विहार’. शाई लाल.

आता पद्धत. मिलमध्ये इन्स्पेक्शनला असताना मी रेल (रेल्वेचा रूळ) कोणत्या शिफ्टने ओढली हे कधी विचारले नाही. खडूने लिहिलेले नाव आधी पुसायचे, मग गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचे. बसली तर पास, नाही बसली तर रिजेक्ट. नाव बघितले की गेज सैल पडते. एकदा साडूची शिफ्ट निघाली. अकरा रेल बाद केल्या. साडू दोन वर्षे बोलला नाही, पण साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतले.

तेच इथे. मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा कापून गेज केले. खिडकी फक्त पिनच्या शेवटच्या दोन आकड्यांपुरती. नाव झाकलेले. हिने विचारले, हे कावून? मी समजावले. म्हणाली, लोखंडाले नाव नसते जी, मानसाले असते. तिला इन्स्पेक्शन कळणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार.
गेटजवळ टेबल टाकले. पोस्टमन राजदीपला बजावले, आत पाऊल टाकायचे नाही, सगळे टपाल इथे. तोंडाने नाव घ्यायचे नाही. घेतलेस तर लेखी तक्रार. चौदा पाकिटे. बारा रिजेक्ट. खूप वर्षांनी हाताला काम मिळाल्यासारखे वाटले.

टीना मॅडम बँकेच्या कार्डासाठी भांडायला आल्या. कार्ड परत गेले होते. मी म्हटले, नियम म्हणजे नियम. कुरिअरवाल्यांना मात्र आत सोडायचे असे ठरले, कारण त्यांचे पार्सल रोज असते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
मोबाइलवर मेसेज: पासपोर्ट स्पीड पोस्टाने निघाला. हिने देवापुढे साखर ठेवली. कपाटातून निळी सुटकेस काढून उन्हात ठेवली.

तिने मुद्दाम विचारले, तुमच्या त्या खिडकीतून जाईन ना बरोबर? अर्थात जाईल! अर्ज मी स्वतः भरला आहे, जुन्या पिनने. माझ्या अक्षरात.

गुंजनच्या पायावर सूज आहे. फोनवर हसून सांगत होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.
नऊ पाकिटे. आठ बाद करून झाली होती. शेवटचे जाड, कडक. खिडकी ठेवली. खाली लाल पेनाने खोडून २३ लिहिलेले. पोस्टातच दुरुस्त केलेले. म्हणजे आता हे लोक आमच्या जुन्या पिनवर हातसुद्धा टाकू लागले!

राजदीप म्हणाला, बाबूजी, ये वाला एक बार गत्ता हटा के देख लो. मी म्हटले, नाव नाही. तो म्हणाला, बाबूजी, घर का है. मी म्हटले, इथे प्रत्येक पाकीट कुणाच्या तरी घरचेच असते. तो उन्हात तसाच उभा राहिला. पाकीट हातात धरून. म्हणाला, मेरी बात मान लो. मी शिक्का मारला. त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली.

जाताना त्याने सायकल हातात धरून चालवली. बसला नाही. बहुतेक पंक्चर.

इतका निःपक्षपाती मी नोकरीतसुद्धा नव्हतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
पासपोर्ट नाही. रायपूरहून इथे यायला किती वेळ लागतो? सरकारी कारभार. हिला म्हटले, धीर धर. ती म्हणाली, मी तं धरूनच बसली हाय.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
टेबलापाशी दोन तास बसलो. तीन पाकिटे. राजदीप वर बघत नाही. मी दिलेले पाणी घेतले नाही. शत्रू दमला आहे. चंद्राकरांना फोन करून तसे कळवले. ते म्हणाले, वाह. मागे कुणीतरी हसत होते.

२५ फेब्रुवारी.
एकही पत्र नाही.

२६ फेब्रुवारी.
नाही. आज महाशिवरात्रीची सुट्टी होती हे नंतर लक्षात आले. पण सुट्टी नसती तरी नसतेच आले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
पिनसाठी नेमलेल्या संघर्ष समितीची मीटिंग. मी आणि खुर्च्या.

येताना चंद्राकरांकडे गेलो. टेबलावर नवी व्हिजिटिंग कार्डे. पिन २३! विचारले तर म्हणाले, ये तो धंधे के लिए है ठवकरजी, दिल से तो हम पुराने वाले ही हैं. मग कळले की त्यांचा माणूस रोज सकाळी पोस्टातून त्यांचे टपाल घेऊन येतो. टीना मॅडमचेही. प्लॉट अकरा ते वीसचेही. म्हणून टेबलावर काही येत नाही.

ठीक आहे. मिलमध्येही कडक इन्स्पेक्शन एकट्यालाच करावे लागे. मागे हटणार नाही.

४ मार्च, मंगळवार.
जावयाचा फोन. गुंजनचे बीपी वाढले. डॉक्टर म्हणतात, एप्रिलपर्यंत थांबता येईल असे नाही. तिला दवाखान्यात ठेवले आहे. एकटी आहे, तो ड्युटीवर.

हिने जेवण टाकले. म्हणाली, पोस्टात जाऊन विचारून या. मी म्हटले, आपण पोस्टात जाऊन विचारणे म्हणजे नवा पिन मान्य करणे. सचिवच गेला तर राहिले काय? दिल्लीला लेखी तक्रार करतो, वरून दणका बसेल. ती उठली. मग सुटकेसवरची धूळ पुसली.

तक्रारीचा मसुदा: उद्या.

७ मार्च, शुक्रवार.
ही न सांगता ऑटोने पोस्टात गेली. मेसेजमधला नंबर कागदावर उतरवून. बाराला परत आली. कुकर लावला. मला वाढले. ताटाशेजारी एक कागद ठेवला.

पासपोर्ट सतरा फेब्रुवारीला आला होता. सतरालाच परत गेला. कारण: लेने से इंकार. खाली सही. पी. ठवकर, सचिव. ठवकरमधल्या ‘र’ची शेपटी मी जशी ओढतो तशी ओढलेली.

मी म्हटले, ही पोस्टाची चूक. त्यांनी पिन खोडायला नको होता. तो खोडला नसता तर गेजमधून सरळ गेला असता. पद्धतीत दोष नाही.

ती म्हणाली, सही तुमचीच हाय ना जी? एवढेच. नंतर भांडी घासली. पुन्हा पुन्हा घासली.

मी चुकलो असे नाही म्हणता येणार. पण ताट तसेच झाकून ठेवले.

१२ मार्च, बुधवार.
रायपूर, पासपोर्ट ऑफिस. ठरवून गेलो होतो, आज हातात घेऊनच यायचे. पाकीट तिथेच होते. काउंटरवरच्या बाईने कपाटातून काढून दाखवले. माझा लाल शिक्का त्यावर. ही काचेवर हात ठेवून बघत होती.

बाई म्हणाली, एक फॉर्म भरा, पत्ता कन्फर्म करा, तासाभरात देते. फॉर्म मी घेतला. पिन लिहिला. जुना. ती म्हणाली, कंप्यूटर ये नंबर नहीं ले रहा अंकल, आपके एरिया का २३ है. मी म्हटले, कंप्यूटरला घ्यायला लावा. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. इथे आम्ही २३ लिहून दिले की पाच आठवड्यांची लढाई मातीत जाईल. अंजनाने माझी बाही धरली. लिवा ना जी. तिकडं पोरगी एकटी हाय. लिवा. मी म्हटले, दोन मिनिटे थांब. मोठ्या साहेबांना भेटायचे म्हटले. साहेब जेवायला गेले होते. ते आले तेव्हा काउंटर बंद. उद्या सिस्टीम बंद, परवा होळी, मग शनिवार-रविवार. सोमवारी या.

परतीच्या लोकलमध्ये कुम्हारी स्टेशनच्या आसपास जावयाचा फोन. गुंजनला ऑपरेशनला घेतले. आत जाण्याआधी विचारत होती, आई निघाली का?

हिने फोन कानाला लावून तसाच धरून ठेवला. तिकडून बंद झाल्यावरही.

१४ मार्च, शुक्रवार. होळी.
मुलगी झाली. सव्वा किलो. मशिनमध्ये आहे. गुंजन शुद्धीवर नाही. बाहेर ढोल. चंद्राकर गुलाल घेऊन आले, दारातूनच गेले. मला गुंजनचा लहानपणीचा चेहरा आठवेना, मोठेपणीचाच आठवत राहिला. भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतो.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ९.
गुंजनने डोळे उघडले. आवाज एवढासा. पहिले विचारले, आई, तू कावून नाई आली?

ही म्हणाली, पासपोर्ट डाकेत अटकला बेटा. सरकारी काम. आता सोमवारी भेटते. पाच मिनिटे बोलली, हसली सुद्धा. माझे नाव घेतले नाही.

फोन ठेवून माझ्यासमोर आली. हातात सोमवारचा फॉर्म, तिने स्वतः भरलेला. पिनच्या चौकटीत २३, गोल अक्षरात. म्हणाली, मी तिले खोटं सांगतलं. खरं काय झालं थे तुमीच सांगा. मी नाई सांगत.

फोन माझ्यापुढे ठेवून ती आत गेली.

दुपारी १२. मस्कतला आत्ता सकाळचे साडेदहा. डॉक्टरांच्या राउंडची वेळ असेल.

दुपारी ३. जेवत असेल. नंबर काढून ठेवला आहे.

संध्याकाळी ६. आज तिला त्रास देणे बरे नाही. लाज वाटते. कसे सांगायचे ते आधी कागदावर लिहून काढतो. सोमवारी नक्की.