हौसाबाईची नवमी

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कोडोली,
९ जून २०२४

चि. विजयसिंह यास शालू आत्तीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. कान पार गेल्यापासून फोन म्हणजे माझ्या दृष्टीनं नुसतं डबडं झालं आहे. पलीकडून तू ओरडतोस, इकडून मी होय होय करते, आणि दोघांनाही कळत नाही काय ठरलं ते. त्यापेक्षा पत्र बरं. तुझं अक्षर किडामुंगीसारखं असलं तरी ओरडत तरी नाही.

प्रियदर्शिनीच्या जातीच्या दाखल्यासाठी तू जुन्या नोंदी शोधत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो आहेस असं कळलं. माझ्या नातीला दाखला मिळो, जोतिबाला पेढे ठेवीन. पण खापरपणजोबा शोधतोसच आहेस तर या म्हातारीचंही एक काम कर. माझी आई शोध.

तुला ठाऊक आहे तेवढंच मला ठाऊक आहे. मी पाच वर्षांची असताना हौसाबाई, म्हणजे माझी आई, बाळंतपणाला गगनबावड्याकडं माहेरी गेली आणि तिकडंच वारली. पाऊस असा की कुणाला मातीला जाता आलं नाही, असं बाबा सांगायचे. वर्षाच्या आत तुझी आजी घरात आली, गळ्यात सवतीचा चांदीचा टाक बांधून. आपल्यात रीतच आहे, पहिली मेली की दुसरीनं तिला गळ्यात वागवायची. तुझ्या आजीनं मला काही कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू. पण तिच्या कुशीत शिरले की तो टाक माझ्या गालाला गार लागायचा. आई म्हणून मला तेवढंच आठवतं.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची म्हणून आपण पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिचं पान वाढतो. बाबा वारल्यावर सगळे म्हणाले, आता नवमी बंद, आता ती त्यांच्याबरोबर जेवते. मी ऐकलं नाही. पण नवमी ही सगळ्यांची, तिची स्वतःची तिथी कोणती? डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो बघून तोंड वाकडं केलं आहे. डोळे मिटायच्या आत मला आईची तिथी कळायला हवी, आणि ती कुठल्या मातीत गेली ते. तिथं एक तांब्या पाणी ओतलं की मी मोकळी.

खारातल्या करवंदांची बरणी सोबत पाठवते. यंदाची आंबट ढोण आहेत. पूर्वी घाटातली एक बाई पाटी घेऊन दारात यायची, तिची करवंदं म्हणजे साखर. मी मेलीशी घासाघीस करायची आणि ती मापावर वर दोन ओंजळी टाकून जायची. सासूबाई म्हणायच्या, असा धंदा करते म्हणूनच जन्मभर अनवाणी.

संयोगिताला आणि प्रियाला आशीर्वाद. माझ्या कामाचा विसर पडू देऊ नकोस.

तुझी,
शालू आत्ती

•

कसबा बावडा,
१ जुलै २०२४

तीर्थस्वरूप आत्तींच्या चरणी विजयसिंहाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बरणी पोचली आणि अर्धी संपलीही. संयोगिता म्हणते की आत्तींना सांगा, तुमच्या भाच्याला कुलूप पाठवा.

आजोबांच्या वडिलांची नोंद सापडली. मोडीत होती. मोडी वाचणारे गृहस्थ चहा आल्याशिवाय चष्मा लावत नाहीत, आणि चष्मा लावल्यावर पान बोटानं इतकं चोळतात की अक्षर पुसेल म्हणून माझाच जीव वर. पण काम झालं. आता शपथपत्रावर वंशावळ काढायची. आत्ती, त्या झाडावर नुसते पुरुष. आपल्या वरुट्यांच्या घरात पोरं फांदीलाच लागली जणू. तुमचं नाव नाही, हौसाआजीचं नाही, ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप तिच्या आईचं, संयोगिताचंही नाही. प्रियानं ते बघून मला चांगलंच सुनावलं.

तेव्हा तुमचं काम मी करणारच. पाऊस जरा उघडला की गगनबावड्याला जातो. एक्कावन्न सालचं मृत्यूचं दप्तर काढायला लावतो. एवढी सोपी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही, याचंच नवल वाटतं.

औषधं वेळेवर घ्या. भाच्यावर आजवर होती तशीच माया राहू द्या.

आपला,
विजयसिंह

•

कसबा बावडा,
६ ऑगस्ट २०२४

रा. रा. बाळासो यांस सप्रेम नमस्कार. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या गावच्या सरपंचांकडून पत्ता मिळाला. कसबा बावड्याचे कै. ज्ञानू वरुटे यांचा मी नातू, त्यांच्या दुसऱ्या घरच्या मुलाचा मुलगा. त्यांची पहिली पत्नी हौसाबाई तुमच्या घरची, म्हणून हा त्रास.

मागल्या आठवड्यात मी तालुक्याच्या दप्तरखान्यात गेलो होतो. एक्कावन्न सालात हौसाबाईंच्या मृत्यूची नोंद नाही. पुढच्यामागच्या सालांतही नाही. मी निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिथल्या शिपायानं चुकून एकोणऐंशीचं दप्तर समोर आणून टाकलं. परत करायचं म्हणून उगाच चाळलं, तर त्यात हौसाबाई ज्ञानू वरुटे, मूळ राहणार कसबा बावडा, विधवा. खबर देणारा भाऊ, म्हणजे तुमचे वडील.

आमचे आजोबा अडुसष्ट साली वारले. जोतिबाची शपथ घेऊन सांगतो, आमच्या घरात ही बाई एक्कावन्न साली मेली असंच मी जन्मापासून ऐकत आलो. दरवर्षी तिचं पान वाढतो. नोंद चुकीची असेल तर तसं कळवा, मला फार बरं वाटेल. खरी असेल तर जे काय असेल ते लिहा. तिची लेक शालूबाई कोडोलीला आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

तसदीबद्दल क्षमा असावी.

आपला,
विजयसिंह वरुटे

•

ता. गगनबावडा,
२० ऑगस्ट

पावणं विजयसिंह यांस बाळासोचा रामराम.

पत्र पोचलं. ल्हायची सवय न्हाय, चुकलंमाकलं पदरात घ्या.

नोंद बरोबर हाय. हौसाआत्ती म्हंजे माझ्या बाची थोरली भन. ती बाळंतपणाला आलीती. प्वार मेलेलं झालं, आणि त्याच पावसात तिच्या हातावर कोड उठलं. मग मानंवर. ज्ञानूमामा न्यायला आलते, ते डाग बघून उंबऱ्यातनंच मागं फिरलं. मागनं सांगावा आला की कोडवाल्या बाईची प्वार उद्या कोण करून घेणार. तवा आत्तीनंच तोड काढली. मी मेले म्हणून सांगा म्हणाली, पर पोरीला चांगल्या घरात द्या. माझा बा लई भांडला. ती हटली न्हाय. तसंच झालं.

तिच्या नावाचा टाक केलाय हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं. हसली की. म्हणाली, काळी हुते, पांढरी झाले, आता चांदीची झाले. ज्ञानूमामा गेल्याचं कळलं तवा परड्यात बसून बांगड्या फोडल्या तिनं. रडली न्हाय.

लेक कोडोलीला दिली हे तिला ठावं हुतं. दरसाल करवंदं पिकली की पाटी घिऊन निघायची. करवंद हितं फाट्यावरबी खपतंय, एवढं लांब कशाला मरायला जाते म्हणून माझी आई चिडायची. पर ती कोडोलीलाच जायची. आल्यावर लेकीला पोरं किती झाली, लुगडं कसलं नेसलंतं, सगळं सांगत बसायची. वळख एकदाबी दिली न्हाय. दिली असती तर लेकीला सासरी नांदवलं असतं व्हय?

एकोणऐंशीला कोडोलीस्नं आली ती ताप घिऊनच. त्यातच गेली. वैशाख वद्य द्वादशी. बा हुता तवर त्या तिथीवर म्हाळ घातला, मागनं आमचं ऱ्हायलं. ओढ्याकडंला जाळली. दगड ठेवलाता, तो पुरात गेला.

शालूताईला सांगायचं का न्हाय ते तुमी बघा. मी असतो तर सांगितलं नसतं. हिकडं आलासा तर घर तुमचंच हाय.

बाळासो

•

कोडोली,
४ सप्टेंबर २०२४

चि. विजयसिंह यास आशीर्वाद. वि. वि.

जुलैपासून तुझं पत्र नाही. सापडलं नसेल तर तसं लिही, मी काय तुला खाणार आहे? माझ्या सुनेला फोन करायला लावला, तर तिनं सांगितलं की संयोगिता नुसती रडल्यासारखी बोलत होती. घरात कुणाचं काही बरंवाईट आहे का? दाखला अडला का? पोरा, घोर लावू नकोस.

नवमी जवळ आली. यंदा मी दोन दिवस आधीच येते. टाक चिंचेनं मी घासणार, संयोगिताला हात लावू देऊ नकोस. पुढच्या सालाचं मी काही सांगू शकत नाही. सुवाशीण म्हणून यंदा कुणाला सांगितलं आहेस ते कळव, तिच्यासाठी मी खण घेऊन ठेवला आहे, हिरवा.

आणि विजय, तू लहानपणी काही फोडलंस की असाच गप्प बसायचास. मला काय ते लिही.

तुझी,
शालू आत्ती

•

कसबा बावडा,
१४ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्तींच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

प्रियाचा दाखला मिळाला. घरात सर्व सुखरूप आहेत. ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला दुसरी काळजी नको.

आत्ती, तुमची आई सापडली. तिची तिथीही सापडली. मला माझ्या शब्दांत लिहिता येत नाही, तीन कागद फाडले. तिच्या भावाच्या मुलाचं, बाळासोंचं पत्र सोबत जोडलं आहे. ते सुनेला जवळ बसवून वाचा.

सांगू नये असंच मी ठरवलं होतं. संयोगिता म्हणाली की त्या बाईला एकदा सगळ्यांनी मिळून मारलं, आता तू आणखी एकदा मारू नकोस. नवमीचं पान आता मला वाढवणार नाही. जिवंत बाईला आपण जेवू घालत होतो, आणि मेल्यावर तिच्या दिवशी आपल्यापैकी कुणीच घातलं नाही. माझ्या आजीला हे ठाऊक होतं का, ते मला कधीच कळणार नाही. तो टाक तिच्या गळ्यात होता म्हणून माझे वडील जन्मले आणि मी जन्मलो. तुमच्यापुढं कुठल्या तोंडानं येऊ?

तुम्ही म्हणाल ते करू. रागावलात तरी पत्र मात्र लिहा.

तुमचा,
विजय

•

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कोडोली,
१ ऑक्टोबर २०२४

चि. विजयसिंह यास शालू आत्तीचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळाल्यावर चार दिवस मी कुणाशी बोलले नाही. सुनेला वाटलं, आता वाचाही गेली. तू आणखी थोडा उशीर लावला असतास तर मी तशीच मेले असते आणि बरं झालं असतं, असं वाटतं. मग लगेच वाटतं, नाही, कळायलाच हवं होतं. तुझ्यावर राग नाही. तुझ्या आजीवरही नाही. बाबांवर आहे, आणि तो आता कुठं नेऊन ठेवायचा ते मला समजत नाही.

बाळासोचं पत्र मी पाठ केलं आहे. विजय, त्या करवंदवालीचा चेहरा मला आठवत नाही रे. किती आठवते, पण येत नाही. डोक्यावरून पदर ओढलेला असायचा, मान खाली. हात तेवढे आठवतात, कोपरापर्यंत पांढरे. सासूबाईंनी मला बजावलं होतं की तिच्या मापाला शिवू नको. म्हणून मी परात खाली ठेवायची आणि तिला वरून ओतायला सांगायची. पैसे उंबऱ्यावर ठेवायची, ती उचलायची. बाबा गेले त्या उन्हाळ्यात ती मोकळ्या कपाळानं आली. मी विचारलं की तुझा मालक गेला होय गं. ती व्हय म्हणाली. आणि मग मलाच विचारलं की बाई, तुझं आईबाप हाईत का? मी सांगितलं, बाप आत्ताच गेला, आई लहानपणीच मेली. त्या दिवशी तिनं सगळी पाटी माझ्या परातीत रिकामी केली, आणि मला वाटलं, दुपार झाली, हिला परत वाहून न्यायचा कंटाळा आला.

मी तिकडं आले नाही म्हणून संयोगिताच टाक घेऊन इकडं आली, पोर दिवसभर माझ्याजवळ बसून राहिली. नवमीला मी काही केलं नाही. हिरवा खण तिलाच दिला. द्वादशीला मी माझ्या हातानं आईचा पहिला म्हाळ घातला. ती पाटी जिथं उतरवायची तिथंच, दाराबाहेर, पान मांडलं. भात, वडे, खीर, आणि करवंदं आता कुठली, म्हणून खारातली वाढली. टाक पानाशेजारी ठेवला. कावळे समोरच्या तारेवर बसले होते, पण एकही शिवेना. मृताचं काय राहिलं असेल ते बोलून दाखवायचं असतं म्हणून मी एकेक बोलले. पोराबाळांचं नीट आहे म्हटलं. सासरी मला कुणी छळलं नाही म्हटलं. ओढ्यावर येऊन पाणी घालते म्हटलं. कावळे बसूनच. मग मी म्हटलं, आये, आता भाव करत न्हाई. आत ये. बस जरा.

तरी शिवला नाही. तिन्हीसांजेला पान गाईला घातलं.

टाक मी गळ्यात बांधला आहे. मी गेले की तो देव्हाऱ्यात परत नेऊ नकोस, माझ्याबरोबर जाऊ दे. पाऊस संपला की मला गगनबावड्याला ने, गाडीत उशी घाल म्हणजे बसवेल. आणि बाळासोला कळव की शालूताई येणार आहे.

दार हल्ली उघडंच ठेवते. कुणी वाजवलं तर मला ऐकू येत नाही.

या म्हातारीला विसरू नकोस, येत जा.

तुझी,
शालू आत्ती