मण्यांआडचा ठिपका

आई, आज दुपारी तुझा एक्स-रे पाहिला. तुझ्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली अण्णांनी ती सीडी इतकी वर्षं जपून ठेवली होती. मागच्या खेपेला पाथर्डीला आले तेव्हा मी ती मागून घेतली. "आता काय करतीस तिचं?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, "आमच्या हपिसातल्या पडद्यावर लावून बघते." ते ट्रंकेची कडी लावत बसले.

माझं काम तुला सांगायचं राहूनच गेलं. आम्ही दवाखान्यांसाठी एक्स-रे बघायचे पडदे बनवतो. रंगीत पडद्यावर राखाडी असा वेगळा रंग नसतोच गं. लाल, हिरवा, निळा सारख्या मापात मिसळले की तो होतो. एक्स-रे म्हणजे सगळा राखाडीचाच कारभार, आणि साध्या पडद्यावर त्यातल्या गडद छटा एकमेकींत मिसळून जातात. त्यांच्यातच कुठेतरी आजार लपून बसतो. मग आम्ही एखाद्या रंगाचं माप चिमूटभर कमी-जास्त करतो. डोळ्याला तो रंग कळत नाही, पण दोन छटांच्या मधली आणखी एक छटा हाती लागते. तुझ्या हाताला हे आपसूक यायचं. पाव्हण्यांचा चहा, अण्णांचा चहा आणि आपल्या दोघींचा चहा, तिन्हींचा रंग निराळा. दुधाचं भांडं एकच. मी मात्र या कामात हौसेने शिरले नाही, रागाने शिरले.

आठवतं? मी बारावीला आहे. तुझा खोकला जात नाही. आधी आपण चुलीच्या धुराला बोल लावतो, मग उसाच्या फडातल्या पाचटाच्या धुळीला. तोडणीहून परत आल्यावर अण्णा आपल्याला नगरला नेतात. एक्स-रेच्या खोलीतली बाई म्हणते, "मंगळसूत्र काढून ठेवा." तुझा हात गळ्याशी जातो आणि तिथेच थांबतो. तू दाराकडे बघतेस. दारात अण्णा उभे. "न्हाई वो बाई, मी जित्ता हाय की अजून," ते हसत म्हणतात. "जरा बाजूला सारलं तर न्हाई का भागायचं?" बाहेर ही रांग लागलेली. ती बाई वैतागून म्हणते, "बरं, खांद्याकडे सरकवा." तू लाजून हसतेस. कितीतरी दिवसांनी तुला हसताना बघून मलाही बरं वाटतं. मग डॉक्टर त्यांच्या टेबलावरचा निळसर पडदा आपल्याकडे वळवतात आणि म्हणतात, "छाती स्वच्छ आहे." तू पदर सावरून त्या पडद्यालाच हात जोडतेस. मला हसू फुटतं, तर दटावतेस, "हसती काय गं? डाक्तर एवढं चांगलं सांगत्यात." येताना स्टँडवर पेढे घेतेस आणि घरी आल्यावर शेजारीपाजारी वाटतेस.

छातीतली गाठ कळली तेव्हा हाताबाहेर गेली होती. पुढच्या हंगामाला अण्णा तोडणीला गेले नाहीत. तू आम्हाला सोडून गेलीस, आणि मी मनाशी पक्कं केलं की माझी आई त्या पडद्याने नेली.

आज आधी साध्या पडद्यावर तुझा एक्स-रे लावला, मग आमच्या. काळे मणी एक्स-रेत पांढरे दिसतात, आई. उजव्या खांद्याखाली सगळे गोळा झालेले. साध्या पडद्यावर तेवढेच दिसले. आमच्या पडद्यावर त्यांच्या आडून एक ठिपका डोकावला. आमचे पडदे तपासायला येणाऱ्या डॉक्टरबाई शेजारीच होत्या. मी कुणाचा एक्स-रे ते सांगितलं नाही. त्यांनी वाकून पाहिलं. "गाठ आहे," म्हणाल्या. "पण मण्यांनी अर्धी झाकलीय. दागिना काढला असता तर साध्या पडद्यावरही सुटली नसती. काढायला सांगितलं नव्हतं का कुणी?"

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. इतकी वर्षं पडद्यावर राग धरला. किती सोपं होतं ते, पडदा काही आपला कुणी लागत नव्हता.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "दिसलं का काय?"

"न्हाई अण्णा."

"ते मंगळसूत्र," अण्णा म्हणाले, "मी काढू दिलं असतं तर? लई वर्सं तेच टोचतंय बघ मला."

म्हातारा माणूस. स्वतःच्या हाताने भाकरी थापून एकटाच खातो. मी म्हटलं, "त्याच्यानं काय हुतंय अण्णा? छाती खरंच स्वच्छ हुती तवा."

त्यांनी नाक ओढलेलं मला ऐकू आलं. "बरं झालं बाई, बघितलंस," म्हणाले आणि फोन ठेवला. आज त्यांना झोप लागेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि अण्णांच्या हाती तर लागूच द्यायचं नाही. तुला म्हणून सांगते, आई. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.