डाउसांचा बोळ

मार्केट एल्डरबी
मंगळवार, २१ जानेवारी १९५८

चि. लेनर्ड यास एनिडचे आशीर्वाद.

सकाळी बर्फ पडला. दुकान उघडलं नाही. दुपारी जेवणाच्या सुमारास बाबा गेले. डॉक्टर येऊन गेले. संध्याकाळी टेड गॉसलिंग शवपेटीचं माप घेऊन गेला. शुक्रवारी अकरा वाजता चर्चमध्ये.

तार मिळाली असेल, पण तारेत काही सांगता येत नाही म्हणून हे पत्र. तुझ्या ऑपरेशनला अजून आठवडाही झालेला नाही. डोरीनने तुला उठू देऊ नये आणि तूही हट्ट करू नयेस. इथलं सगळं होईल.

बाबांना त्रास झाला नाही. रविवारपासून ते फारसं बोलतच नव्हते. आज सकाळी मात्र त्यांनी विचारलं की चर्च हिलवर बर्फ साचलाय का. मी म्हटलं, थोडा आहे. ते म्हणाले, थोडा म्हणजे किती ते सांग की, तुला मेली कधी एक गोष्ट नीट सांगता येत नाही. मग जरा वेळाने म्हणाले की मला तिकडूनच न्यायचं, बोळातून नाही, ध्यानात ठेव. मी हो म्हटलं. त्यानंतर दोन घोट चहा घेतला, तेवढंच.

बोळाचं दार मी लगेच लावून घेतलं. किल्ली माझ्याकडे आहे.

जखमेची काळजी घे. डोरीनला माझा नमस्कार सांग.

तुझी
एनिड

---

पीटरबरो
बुधवार, २२ जानेवारी

ती. एनिडताईस लेनर्डचा साष्टांग नमस्कार.

तार काल नर्सने वाचून दाखवली, पत्र आज दुपारी आलं. माझ्या पोटाला टाके आहेत. हसलो तरी दुखतं, आणि रडलो तरी दुखतं, हे काल समजलं. मी यायला निघालो होतो. मोठ्या नर्सबाईंनी माझे बूटच उचलून नेले.

डोरीन इथे बसली आहे. तिने विचारलं की घराच्या कडेचा बोळ थेट चर्चच्या आवारात निघतो, मग म्हाताऱ्या माणसाला बर्फातून टेकडीवर कशाला चढवायचं. मी तिला समजावलं की आमच्या गावात ज्या वाटेने एकदा प्रेत गेलं ती वाट कायमची सगळ्यांची होते. तिने विचारलं, कुठल्या कायद्याने? मी म्हटलं, एल्डरबीच्या. ती म्हणाली, तुमचं गावच वेडं आहे. असेल. पण त्या वेडापायीच बोळ चार पिढ्या आपला राहिला. लोकांनी रोज खुशाल जावं, बाबांनी कधी कुणाला अडवलं नाही. वाट आपल्या मालकीची आहे हे दिसावं म्हणून वर्षातून एक सोमवार दार बंद, आणि शवपेटी कधीच नाही. कुणाची अंत्ययात्रा निघाली की ते हॅट काढून बोळाच्या दारात उभे राहायचे. गावाला वाटायचं काय हा मान देतो माणूस, आणि दारही अडलेलं असायचं.

तेव्हा ताई, शुक्रवारी काही झालं तरी दार उघडू नकोस. कौन्सिल टपून बसलंय. त्यांना वाटांच्या नव्या नकाशात तो बोळ सार्वजनिक म्हणून दाखवायचाय. आणि नॉटिंगहॅमचे बूटवाले घर, खोगिरांचं दुकान, अंगण सगळं घेणार ते बोळ आपल्या मालकीचा आहे म्हणूनच. त्यावर छप्पर घालून त्यांना काचेच्या खिडक्या करायच्या आहेत. बाबांच्या मागे विकायचं हे त्यांच्यासमोरच ठरलं होतं. बूटवाल्यांचा माणूस सोमवारी आपल्या वकिलांकडे, मिस्टर पेलकडे, सह्यांसाठी येतोय.

तुझी सोय झाली आहे. डोरीनने मागची लहान खोली रिकामी केली. समोर गॅसचा कारखाना दिसतो, पण खोली उबदार आहे. एवढ्या मोठ्या घरात तू एकटी काय करणार?

माया आहेच, ती तशीच राहो.

तुझा
लेनी

---

मार्केट एल्डरबी
गुरुवार, २३ जानेवारी

चि. लेनर्ड यास एनिडचे आशीर्वाद.

तुझे बूट नेले ते बरं झालं.

आज बाजार अर्धाच भरला. चौकात बटर क्रॉसच्या दगडी मंडपाखाली अंडीवाले आणि चीजवाला एवढेच होते. राजाची सनद मिळाल्यापासून इथला एकही गुरुवार चुकलेला नाही, असं बाबा शाळेच्या मुलांना सांगायचे, त्यामुळे कुणीतरी येतंच. सगळे बाबांबद्दल चांगलं बोलले. मिसेस हिबर्टने कोबी फुकट दिला आणि म्हणाली की तुझ्या बापाने माझ्या नवऱ्याला त्या टेकडीवरून न्यायला लावलं होतं, भर वादळात, आता बघू स्वतः कसा चढतो ते. मग तिला रडू आलं आणि तिने आणखी एक कोबी दिला.

टेड सकाळी चर्च हिल पाहायला गेला तो ओल्या विजारीने परत आला. पडला होता. म्हणाला, मिस एनिड, म्हातारा वाळला होता, पण ओकचं लाकूड वाळलेलं नाही, पेटी जड आहे. राख टाकू, गोणपाट टाकू, पण रात्री पुन्हा गोठलं तर मी शब्द देत नाही. पुढे ढकलता येईल का म्हणून पाद्रीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले की खड्डा कुदळीने कसाबसा खणलाय, पुन्हा गोठला तर कोण खणणार.

मिस्टर पेलकडेही गेले. ते म्हणाले की प्रेताने वाट सार्वजनिक होते असं कायद्यात कुठेही नाही, त्या निव्वळ बायकांच्या गप्पा आहेत. मी उठले, तर त्यांनी पुन्हा बसवलं. म्हणाले की मालकाने कशाला हो म्हटलं, हे मात्र कायदा बघतो. तुम्ही स्वतः दार उघडून सगळं गाव आत घेतलंत, आणि त्याचा अर्थ काय होतो ते या गावात लहान पोरालाही ठाऊक आहे, तर उद्या कौन्सिलपुढे तुमच्या बाजूने बोलायला मला फारसं सुचणार नाही.

आईच्या वेळी तू सैन्यात होतास, म्हणून तुला माहीत नाही. पाऊस होता. खांदेकऱ्यांनी तिला मध्येच बटर क्रॉसच्या ओल्या पायरीवर टेकवलं आणि दम घेतला. बाबा किल्ली खिशात घेऊन मागे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघं त्याबद्दल पुढे कधी बोललो नाही.

दात काढायला लिंकनला गेले होते ती एक रात्र सोडली, तर मी या घराबाहेर कधी झोपलेले नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

उद्याचं उद्या. तू स्वस्थ पडून राहा.

तुझी
एनिड

---

मार्केट एल्डरबी
शनिवार, २५ जानेवारी

चि. लेनर्ड यास एनिडचे आशीर्वाद.

काल सगळं पार पडलं. बाबा आता आईशेजारी आहेत.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. त्यांना बोळातून नेलं. दार मी उघडलं.

रात्री राखेवर पुन्हा बर्फ गोठला होता. मोटार चढणार नव्हती, म्हणून पेटी दुकानातून खांद्यावरच निघाली. चौकात सगळे उभे होते, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. कॉर्न एक्स्चेंजच्या इमारतीपर्यंत ठीक गेलं. बटर क्रॉसपाशी चढ लागतो तिथे पुढच्या जॅक मॉल्टबीचा पाय सटकला. तो गुडघ्यावर आला, पेटी कलली, टेडने मागून खांदा लावला म्हणून ती पडली नाही. पण आत बाबा सरकल्याचा आवाज झाला. मी ऐकला. इतरांनीही ऐकला असणार.

पेटी पायरीवर टेकवली. जॅकला उठता येईना, तरी तो पेटीकडे बघून म्हणाला की माफ करा मिस्टर डाउस, माझाच पाय. टेड माझ्याजवळ आला. बोळाचं नाव त्याने काढलं नाही. एवढंच म्हणाला की तुम्ही सांगाल तर पुन्हा उचलू, पण आता पाच जण आहोत. मिस्टर पेल हॅट हातात धरून चर्चच्या मनोऱ्यावरच्या, वारा दाखवणाऱ्या कोंबड्याकडे बघत होते. बाकीचे माझ्याकडे बघत होते. मग मिसेस हिबर्ट दुकानात बोलते तशा आवाजात म्हणाली की एनिड, बापाला थंडीत किती वेळ ठेवणार आहेस.

मी मागे फिरून बोळाच्या दाराशी आले, माझ्यामागे पाच जण पेटी घेऊन आले. कुलूप गारठून घट्ट बसलं होतं. हातमोजा काढावा लागला, किल्ली बोटांना चिकटत होती. मदतीला कुणी पुढे आलं नाही. दार डाउसांपैकीच कुणीतरी उघडायला हवं, हे सगळ्यांना माहीत होतं.

बोळात खांदेकऱ्यांचे खांदे दोन्हीकडच्या विटांना घासत होते. मी पेटीमागे शिरले. थोडं गेल्यावर मागे पावलं ऐकू येईनात म्हणून वळून पाहिलं. सगळं गाव दाराबाहेर थांबलं होतं. एकानेही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. मी सांगितलं, या. मग सगळे आले.

हॅम सँडविच पुरले. केक उरला तो जॅककडे पाठवला, त्याचा गुडघा सुजला आहे.

काय म्हणायचं ते म्हण, पण लिही.

तुझी
एनिड

---

पीटरबरो
मंगळवार, २८ जानेवारी

एनिड,

बूटवाल्यांच्या माणसाने काल तुमच्या चौकातल्या व्हाइट हार्ट खानावळीत नाश्ता केला. मिस्टर पेलला भेटायच्या आधीच त्याला सगळं कळलं होतं, वाढणाऱ्या पोरीने सॉसेजबरोबर सांगितलं. तो कागद घेऊन परत गेला. पेलचं पत्र आज आलं.

जॅकचा पाय घसरला, हे मी समजू शकतो. पेटी बोळातून नेलीस, तेही. मी तिथे असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. पण पेटी पुढे गेली होती. गाव बाहेर थांबलं होतं. तू दार ओढून घेतलं असतंस तर पेलला बोलायला जागा उरली असती. तू त्यांना या म्हणालीस. का?

मी सरळ विचारतो. आमच्या खोलीत यायचं नव्हतं म्हणून केलंस का? तसं असेल तर तसं सांग. डोरीनने खोलीला नवा कागद लावलाय, पिवळ्या फुलांचा. तिला मी काय सांगू?

येत्या सोमवारी दार बंद ठेवण्याचा दिवस आहे. पेल म्हणतो, तो दिवस नेहमीसारखा पाळलास तर अजून भांडता येईल. बूटवालेही कदाचित परत येतील. निदान तेवढं कर.

लेनर्ड

---

मार्केट एल्डरबी
सोमवार, ३ फेब्रुवारी

चि. लेनर्ड यास एनिडचे आशीर्वाद.

घरी सोडलं हे डोरीनच्या कार्डावरून कळलं. जिना सावकाश चढ.

आज उजाडताच मी दाराला कुलूप लावलं आणि बाबा बसायचे तशी आत खुर्ची टाकून बसले. पहिला पोस्टमन आला. आज सोमवार नाही का, असं स्वतःशीच पुटपुटत वळून गेला. नंतर दोघं-तिघं आली, कडी वाजवून गेली. कुणी वाद घातला नाही. मला वाटलं, निभेल.

मग जॅक मॉल्टबी आला. काठीवर आला होता, गुडघा बांधलेला. तो दारापलीकडून म्हणाला की मिस एनिड, बायकोच्या थडग्यावरचा बर्फ काढायचाय, टेकडी मला आता चढवत नाही. मी म्हटलं, जॅक, आज बंदचा दिवस आहे. तो म्हणाला, हो हो, बरोबर आहे, विसरलोच, मिस्टर डाउस स्वतः इथून गेले म्हणून मला वाटलं की आता तसं नसेल. तो गेला नाही. त्याची काठी दगडावर सरकताना ऐकू येत होती. मागे आणखी माणसं येऊन उभी राहिली.

मिस्टर पेलनी काय म्हटलं होतं ते मला आठवत होतं, तुझं पत्रही खिशात होतं. मी बराच वेळ बसून राहिले. मग उठून कुलूप काढलं. जॅकने टोपी काढली आणि गेला. त्याच्यामागे इतर गेले. कौन्सिलचे कारकून त्यांच्यातच होते, त्यांनीही टोपी काढली. दुपारी मिस्टर पेलची चिठ्ठी आली की आता आपल्याला करण्यासारखं काही उरलेलं नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर. कुलूप काढलं तेव्हा पायरीवरची आई माझ्या डोळ्यांपुढे होती. या म्हणाले तेव्हा तुमची मागची खोली डोळ्यांपुढे होती. जॅकसाठी उघडलं तेव्हा डोळ्यांपुढे काहीच नव्हतं, फक्त तो जात नव्हता. बाबांना मी हो म्हटलं होतं, आणि ते पाळलं नाही, हेही आहे.

घरात तुझा अर्धा वाटा आहे. त्याचं मी नुकसान केलं. ते कसं भरून काढायचं ते तू बरा होऊन आलास की बसून ठरवू. मी या घरातून जाणार नाही, एवढं मात्र आत्ताच सांगते. हे आधीच सांगायला हवं होतं. डोरीनला सांग की पिवळी फुलं मी बघायला येईन, राहायला नाही.

रागावलेला असलास तरी माया राहू दे, आणि पत्र पाठव.

तुझी
एनिड

ता. क. बोळातून आता दिवसभर माणसं जातात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बघून मान डोलावतात. आज मिसेस हिबर्टने काचेवर टकटक करून सांगितलं की तुझा रस्सा उतू जातोय. जात होता. दुकानात खोगिराच्या अस्तराचं करडं कापड पडून होतं, त्याचा पडदा बेतला आहे. एक भाग झाला. दिवस मावळायला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात दुसऱ्याची किनार दुमडून शिवायला बसते.